मुक्कामी गाडीचा चहा

माणसाच्या आयुष्यात जे काही थोर घडायचं असतं, ते रविवारी सकाळी, कामाला लागण्याआधीच्या तासाभरात घडतं. सोमवारी जे घडतं त्याला इतिहास म्हणतात आणि तो पाठ करावा लागतो. रविवारच्या सकाळचं तसं नाही. ते नुसतं आठवलं तरी पोट भरतं.

हा विचार आकाराम कंडक्टरच्या मनात आला, तेव्हा तो एसटीच्या टपावर उकिडवा बसून राखुंडीनं दात घासत होता. खालून ड्रायव्हर नानासो त्याला सांगत होते, की चूळ टाकायची असेल तर पलीकडच्या अंगाला टाक, काच मी आत्ताच पुसलीय.

आकारामनं चूळ पलीकडच्या अंगाला टाकली. थोर विचारही तिच्याबरोबर गेला. पण मन मात्र तसंच भरलेलं राहिलं.

गाडी सांगली आगाराची. संध्याकाळी निघून विटा, म्हसवड करत बोरमाळला यायची, रात्री तिथंच मुक्काम करायची आणि पहाटे उठून परत जायची. बोरमाळ हे माण तालुक्यातलं गाव. गावाच्या नावात बोर होती आणि माळ होता. गावातही साधारण तेवढंच होतं. पण मुक्कामाच्या गाडीला गाव फार जपायचं. रात्री टपावर अंथरायला घोंगडी मिळायची आणि सकाळी चहा. चहा कुणी द्यायचा याची घरटी पाळी लावलेली होती, आणि रविवारची पाळी सिद्धू आण्णांच्या घराची होती.

सिद्धू आण्णांकडे थोडी मेंढरं होती, थोडी जमीन होती, आणि एक मुलगी होती. जिच्यामुळं आकाराम गेले तीन महिने शनिवारची रात्रपाळी मागून घेत होता, ती हीच. नाव बनुबाई. घरात बनू.

एसटीत नोकरीला लागलेला माणूस देवाकडे दोन गोष्टी मागतो. एक म्हणजे रविवारची सुट्टी, आणि दुसरी म्हणजे पुढचाही रविवार. आकारामनं आपले रविवार एकामागून एक वाटून टाकले, तेव्हा आगारात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, पोरगं साधू होणार. कुणी म्हणालं, घरी भांडण असेल. एक जुना कंडक्टर म्हणाला, की असं घरी भांडण असलेला माणूसच करतो, पण याचं तर अजून लग्न झालेलं नाही, म्हणजे व्हायचंय. जुन्या कंडक्टरांना माणसं कळतात.

पहिली भेट झाली ती नवरात्र संपल्यावरच्या रविवारी. आकारामनं सकाळी गाडीचं दार उघडलं, तर बायकांसाठी राखीव असलेल्या बाकावर एक कोकरू बसलेलं. बाकाचं रेक्झिन ते शांतपणे चघळत होतं. आकाराम त्याला काही विचारणार, इतक्यात पाठीमागून आवाज आला.

"हितं हाय व्हय? सकाळधरनं हुडकतीय मी."

त्यानं वळून पाहिलं. हातात लोकरीची टकळी, कपाळावर बारीक गोंदण, धावल्यामुळं चढलेला श्वास... आणि डोळे असे, की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं उगीचच वाटावं. आकारामनं कंडक्टरच्या आवाजाचा आधार घेतला.

"तिकीट काढलंय का ह्यानं?"

"कडेवरच्या लेकराला तिकीट असतंय व्हय तुमच्यात?"

"कडेवर कुठं हाय ते? सीट धरून बसलंय. त्येबी बाईमाणसांच्या जागंवर."

"ती बी बाईच हाय," बनू म्हणाली.

कुठल्या प्रवाशाला काय उत्तर द्यायचं हे आकारामला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच पाठ झालं होतं. दारू प्यालेल्याला काय, पुढाऱ्याला काय, सुटे नसलेल्याला काय. या उत्तराचं उत्तर मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं कोकरू उचलून कडेवर घेतलं.

"आता झालं न्हवं कडेवर? जाऊ का, का अजून काय कायदा ऱ्हायलाय?"

कायदा पुष्कळ राहिला होता. पण आकाराम बाजूला झाला आणि ती उतरून गेली. कोकरानं मात्र तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून घेतलं.

थोड्या वेळानं सिद्धू आण्णांच्या ओसरीवर चहा आला. फुलांची नक्षी असलेली कपबशी, शेळीचं दूध, भरपूर साखर. आकाराम तो बशीत ओतून, फुंकून, जितका लांबवता येईल तितका लांबवून प्याला. नानासोंनी दोनदा घड्याळ पाहिलं. ते वर्ष असं होतं, की सरकारनं सगळ्या देशाला वेळेवर वागायला लावलं होतं. गाडी वेळेवर सुटली नाही तर का सुटली नाही हे लिहून द्यावं लागे. आणि 'कंडक्टर चहा फुंकत होता' हे कारण वरच्या कचेरीत चाललं असतं, असं नानासोंना वाटत नव्हतं.

त्यानंतरचे रविवार सगळे एकसारखे होते, आणि तेच त्यांचं सुख होतं. दहिवरानं भिजलेलं घोंगडं बाजूला सारायचं. माळावर धुकं बसलेलं असायचं, मेंढरांच्या वाड्यातून खोकल्यासारखे आवाज यायचे, कुठंतरी चूल पेटल्याचा वास यायचा. आकाराम टपावरून एका विशिष्ट दाराकडे बघत बसायचा. त्या दारातून बनू टकळी फिरवत बाहेर यायची आणि टपाकडे अजिबात बघायची नाही. इतकं ठरवून न बघणं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बोलणं व्हायचं ते पाण्याच्या तांब्याएवढं. तो विचारायचा, एवढी लोकर काततासा, ह्येचं करता काय? ती म्हणायची, घोंगडं. तुमी रातभर ज्यात घोरता त्ये. तो म्हणायचा, मी घोरत न्हाई, त्ये नानासो. ती म्हणायची, नानासो म्हंत्यात तुमी. मग नानासो खाकरायचे आणि गाडीच्या चाकांशी काहीतरी बघायला निघून जायचे. चाकांकडे त्या तीन महिन्यांत जितकं लक्ष गेलं, तितकं आगाराच्या वर्कशॉपातही कधी गेलं नसेल.

मार्गशीर्षात, म्हसवडच्या रथानंतरच्या एका रविवारी अचानक आभाळ आलं आणि पहाटेच भुरभुर सुरू झाली. आकाराम टपावरून सामान खाली काढत होता. बनूनं घरातून पावसात डोक्यावर घ्यायची घोंगड्याची खोळ आणली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या त्याच्या डोक्यावर खालूनच टाकली. ती नीट बसली नाही. तिनं टाचा उंचावून टोक ओढलं. तिची बोटं त्याच्या कानाला लागली— गार, ओली, लोकरीच्या वासाची. दोघंही मग काही न झाल्यासारखं पावसाकडे बघायला लागले.

"हिकडं पावसाचं लय कौतिक तुमास्नी," तो म्हणाला.

"हिकडं पाऊस म्हंजी पाव्हणा. तुमच्यागत. येतोय... थांबत न्हाई."

"आन थांबला तर?"

बनूनं टकळीला गिरकी दिली. टकळी फिरून थांबली.

"थांबला तर मग पाव्हणा कसला?"

या एका वाक्यावर आकारामनं सांगलीपर्यंतचा प्रवास केला. सांगलीच्या विश्रामबागला उतरणाऱ्या माणसाला त्यानं विट्याला उतरवायचा प्रयत्न केला, असं नानासो पुढं सगळ्या आगाराला सांगत असत.

आणि मग, संक्रांत झाल्यावर, आगारात बातमी आली. बोरमाळचा मुक्काम सांगलीकडून काढून दुसऱ्या आगाराला द्यायचा ठरला होता. आता दोनच रविवार उरले होते. त्यानंतर बोरमाळला गाडी येणार, चहा होणार, घोंगडी पसरली जाणार. पण टपावरचा कंडक्टर दुसरा असणार. त्या दुसऱ्या कंडक्टरचा विचार करून आकारामला दोन रात्री झोप आली नाही.

उरलेल्या दोनपैकी पहिल्या रविवारीच त्यानं बनूला हळूच सांगून टाकलं. मुक्काम सुटणार हे सांगितलं आणि मग बराच वेळ टोपीशी खेळून म्हणाला, "पुढल्या ऐतवारी... तुमच्या आण्णांशी जरा बोलनार हाय मी."

"बोला की. त्येंनी काय कान झाकून ठिवल्यात?"

एवढं म्हणून ती घरात गेली. पण जाताना दाराच्या चौकटीला धडकली, हे आकारामनं पाहिलं आणि जपून ठेवलं.

आठवडाभर त्यानं तयारी केली. घर त्याचं कृष्णाकाठी, वाळव्याकडं. त्याच्या आज्यानं याच माणदेशातून मेंढरं हाकत जाऊन तिकडं जमीन धरली होती, त्यामुळं जातपात, सोयरीक यांत अडचण नव्हती. अडचण आईची होती. जिथं पाणी नाही तिथली मुलगी आणायची म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. आकारामनं तिला पटवलं, की जिथं पाणी नाही तिथल्या मुलीला पाण्याची किंमत असते, ती घागरभर पाण्यात दोन दिवस काढील. आईला पाण्यापेक्षा मुलाच्या चेहऱ्याचं जास्त पटलं. दादांना, म्हणजे वडलांना, काही विचारलं नव्हतं; त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती. सिद्धू आण्णांपुढं करायचं भाषणही त्यानं पाठ केलं. त्यात 'आमचं घराणं' हा शब्द तीनदा येत होता.

असा तो शेवटचा रविवार. दात घासून, चूळ पलीकडच्या अंगाला टाकून, इस्त्रीचा खाकी सदरा घालून आकाराम ओसरीवर जाऊन बसला. शेजारी नानासो. समोर सिद्धू आण्णा पटका बांधत होते. त्यांनाही याच गाडीनं म्हसवडला जायचं होतं. बनूची आई हरणाबाई चहा घेऊन आली.

नानासोंच्या पुढं तिनं कपबशी ठेवली. फुलांची, दुधाचा चहा, साखरेचा. आणि आकारामच्या पुढं ठेवला तो जर्मनचा, हलक्या अॅल्युमिनियमचा पेला. पोचा पडलेला. त्यात काळाभोर, गुळाचा कोरा चहा. एरवी ती डोईवरचा पदर सारखा करून "घ्या" म्हणायची. आज पदराला हात लावला नाही. नुसतं म्हणाली, "घे."

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आकाराम उसाच्या मुलखातला. त्याच्या घरी कारखान्याची साखर पोत्यानं यायची. वैऱ्यालाही साखरेचा चहा मिळायचा. फार तर कमी साखरेचा. गुळाचा कोरा चहा मोठ्या पातेल्यात उकळायचा तो ऊस तोडणाऱ्यांसाठी, आणि तो घरात नव्हे, बांधावर दिला जायचा. तेव्हा पेल्यातल्या त्या काळ्या चहात आकारामला आपलं उत्तर स्वच्छ दिसलं. बनूनं घरी सांगितलं असणार. घरच्यांना पसंत नसणार. तोंडावर नाही कशाला म्हणायचं, म्हणून पेल्यात ओतून दिलं होतं.

तो चहा प्याला. चांगला होता. आलं होतं त्यात. त्यामुळं जास्तच वाईट वाटलं.

सिद्धू आण्णांनी पटक्याचा शेव खोचला, त्याच्याकडे पाहिलं, आणि वाट पाहिल्यासारखे थांबले. मग खाकरले.

"थंडी हाय," ते म्हणाले.

"हाय," आकाराम म्हणाला.

भाषण तिथंच संपलं. 'आमचं घराणं' एकदाही आलं नाही. दारात बनू उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. पेला ठेवला, उठला, तिकिटांची पेटी खांद्याला लावली आणि गाडीत जाऊन चढला. वेळ झालीच होती. दोन घंट्या दिल्या. गाडी हलली.

बोरमाळहून निघालेली गाडी सरळ जात नाही. ओढ्याचं पात्र चुकवण्यासाठी ती गावाला मोठा वळसा घालते, आणि मग विहिरीपाशी मोठ्या रस्त्याला लागते. तेवढ्या वेळात आकारामनं तिकिटं फाडली. पुढच्या बाकावर सिद्धू आण्णा. त्यांनी "म्हसवड" म्हटलं, त्यानं तिकीट दिलं, आणि दोघांनीही एकमेकांच्या कानापलीकडं बघितलं. त्यांच्या मागच्या बाकावर खिडकीशी म्हातारी साळूबाई, गाठोडं मांडीवर घेऊन लेकीकडं विट्याला निघालेली. बाकीची दहाबारा डोकी घोंगड्यांत गुडूप.

आकाराम मनाशी हिशेब करत होता, की चूक कुठं झाली. तरी राग येईना. तीन महिने सकाळी उठून कुणाच्या तरी दाराकडे बघायला मिळालं होतं. कानाला बोटं लागली होती. हे तरी कितीजणांना मिळतं? आगारातल्या निम्म्या लोकांना तर रविवारी फक्त सुट्टी मिळते. त्यानं मनातल्या मनात बोरमाळचे आभार मानायला घेतले. ते अर्धे झाले नाहीत तोच गाडीला करकचून ब्रेक लागला आणि साळूबाईचं गाठोडं खाली पडलं.

विहिरीपाशी, ऐन रस्त्यात, बनू हात दाखवून उभी होती. रानातून आडवी पळत आली होती. पायाला माती, पदराला कुसळं.

नानासोंनी इंजिन चालू ठेवलं, पण भोंगा वाजवला नाही. आकारामनं साळूबाईवरून वाकून खिडकीची काच सरकवली. गार वारा आत आला आणि त्याच्यामागून बनूचा आवाज.

"काय इसरलंय का बघा."

"काय न्हाई इसरलं. पेटी हाय, पिशवी हाय."

"बोलनार हुता न्हवं आण्णांशी?"

आकारामनं आत नजर टाकली. आण्णा समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांचा पटका मात्र किंचित मागं झुकला होता.

"बोलायचं काय ऱ्हायलंय?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "कळलं की. च्यातनंच कळलं."

"च्यातनं?"

"ड्रायव्हरला कपबशीत साखरंचा. मला पेल्यात गुळाचा. आमच्यात गुळाचा कोरा च्या कुणाला देत्यात, ठावं हाय? ऊस तोडणाऱ्या माणसास्नी. बांधावर."

बनूनं पदर तोंडाशी नेला. ती रडणार, असं आकारामला वाटलं. पण खांदे हलत होते ते वेगळ्याच कारणानं.

"आन आमच्यात घरच्या माणसास्नी देत्यात," ती म्हणाली. "साखर पाव्हण्यापुरती डब्यात ठिवतोय आमी. आमच्या आण्णांनी तरी घरात कवा साखरंचा पिलाय का इचारा. आई काल म्हनली... आता त्याला कशाला साखर, त्यो काय पाव्हणा हाय का आता?"

इंजिन घरघरत होतं. घोंगड्यांतली डोकी एकेक करून बाहेर आली होती. साळूबाई आपल्यावरून चाललेलं संभाषण वर तोंड करून ऐकत होती.

"म्हंजी..." आकाराम म्हणाला.

"म्हंजी काय त्ये आता सगळ्या गाडीपुढं माझ्या तोंडनं वदवून घेनार व्हय?"

"न्हाई, न्हाई... पर म्हंजी मला आता साखरंचा कवाच मिळनार न्हाई?"

"मिळंल की. जावई म्हनून सणासुदीला याल, तवा—"

शब्द निसटला. बनूचं तोंड कानापर्यंत लाल झालं आणि ती विहिरीच्या काठाकडे असं बघायला लागली, की जणू ती विहीर आज सकाळीच कुणी खणली. तिच्या पदराची कुसळं वाऱ्यावर हलत होती. आकारामला वाटलं, खिडकीतून हात बाहेर घालून ती एकेक काढावीत. पण मधे साळूबाई होती.

"लय पळालासा," तो म्हणाला.

"मग काय करू? गाडी तुमची वेळेवर सुटतीया."

आकाराम वळला. पाठ केलेलं भाषण शोधलं; एक शब्द जागेवर नव्हता. तो तसाच पुढच्या बाकापाशी गेला.

"आण्णा... मी... म्हंजी पुढल्या ऐतवारी आईला आन दादांना घिऊन येऊ का?"

सिद्धू आण्णांनी मान वळवली नाही.

"च्या पिलास न्हवं?"

"व्हय."

"सगळा?"

"सगळा."

"मग झालं की."

एवढं बोलून त्यांनी बंडीतून तंबाखूची चंची काढली. मागं कुणीतरी हसलं, कुणीतरी "जावईबापू, टिकीट द्या की" म्हणून हाक मारली. नानासोंनी आरशातून पाहिलं. उशीर झालाच होता, आणि तो लिहून द्यावा लागणार होता. काय लिहायचं ते त्यांनी ठरवलं असावं, कारण ते मिशीत हसत होते. आकारामनं दोन घंट्या दिल्या. मोजणं चुकून त्या चार झाल्या.

गाडी निघाली. आकाराम पुन्हा त्या उघड्या खिडकीत वाकला. बनू रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं हात हलवला नाही. तसं ते लोक करत नाहीत. तिनं फक्त पदर डोक्यावरून सारखा केला आणि या खेपेला सरळ, मान न वळवता, त्याच्याकडे बघितलं. धुळीत दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती आणि तो बघत होता.

ऊन वर येत होतं. माळ सगळा सोन्याचा झाला होता. म्हणजे वाळलेलाच होता, पण तसा दिसत होता. आकारामचं मन असं काठोकाठ भरून आलं, की आभार कुणाकुणाचे मानावेत हे कळेना. एसटी महामंडळाचे, ज्यानं या माळावर मुक्काम ठेवला. ज्यानं त्याला शनिवारची पाळी दिली त्या कारकुनाचे. हरणाबाईचे, तिच्या आल्याचे. भोंगा न वाजवणाऱ्या नानासोंचे. जिच्या डोक्यावरून हे सगळं पार पडलं आणि जी एका शब्दानं मधे आली नाही, त्या साळूबाईचे तर आत्ताच, तोंडावर मानावेत असं त्याला वाटलं. भरल्या डोळ्यांनी तो तिच्याकडे वळला. काहीतरी मोठं बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं.

साळूबाईनं कानावर पदर दाबून धरला होता.

"कंडक्टर," ती म्हणाली, "आता तेवढी काच लावा. कानात वारं जातंय."